मोल, किंमत आणि वेष्टन

नोव्हेंबर २०११ मध्ये एल्विस कॉस्टेलो या ब्रिटिश गायक-गीतकाराने आपल्या श्रोत्यांना उद्देशून एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथे झालेल्या त्याच्या मैफलींचा एक पेटीबंद संच नाताळच्या तोंडावर बाजारात येत होता. त्यात एक सीडी, एक डीव्हीडी, दहा इंची एक तबकडी आणि चाळीस पानांचे पुस्तक होते. क्रमांक घातलेल्या केवळ १,५०० प्रती निघणार होत्या आणि किंमत २०० डॉलरांच्या वर होती. ही किंमत म्हणजे एक तर मुद्रणदोष असावा किंवा उपहास असावा, असे कॉस्टेलोने लिहिले. ती कमी व्हावी म्हणून केलेले प्रयत्न निष्फळ ठरल्याचे त्याने सांगितले आणि हा संच विकत घेण्याची शिफारस आपण करू शकत नाही, असे स्पष्ट केले. ज्यांना पैसे खर्च करायचेच आहेत त्यांनी लुई आर्मस्ट्राँगच्या दहा तबकड्यांचा संच घ्यावा, तो तुलनेने स्वस्त आहे आणि त्यातले संगीत कितीतरी श्रेष्ठ आहे, असा सल्लाही त्याने दिला.

कलावंताने स्वतःच्या कृतीच्या विक्रीविरुद्ध बोलावे ही घटना गमतीच्या सदरात टाकून देता येते. परंतु तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. ज्या वस्तूवाचून कोणाचेही काही अडत नाही, तिची किंमत अवाजवी आहे, तिचे वेष्टन फाजील आहे, या तक्रारीला नैतिक अर्थ असू शकतो काय? की ती केवळ एका अतृप्त इच्छेने न्यायाच्या भाषेत केलेली कुरकुर असते?

अशा तक्रारींना दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे: परवडत नसेल तर घेऊ नका. हे उत्तर वाटते तितके उथळ नाही. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धान्यदंग्यांचा विचार करताना 'नैतिक अर्थव्यवस्था' ही संकल्पना वापरली. भाव वाढल्यावर लोक गोदामे फोडत होते ते केवळ भुकेपोटी नव्हे, तर धान्याचा रास्त भाव कोणता याविषयीची एक परंपरागत समजूत मोडली गेली म्हणून, असे त्याचे प्रतिपादन होते. तेथे तक्रारीमागे पोट होते. पेटीबंद संचाच्या तक्रारीमागे पोट नाही. चैनीच्या वस्तूचा रास्त भाव कोणता, हा प्रश्न विचारणेच व्याघाती आहे, कारण चैनीला गरजेची मर्यादा नसते आणि मर्यादा नसेल तेथे अतिरेक मोजायचा कशाने? 'घेऊ नका' या उत्तराचे बळ येथे आहे.

तरीही थॉम्पसनच्या विवेचनातला एक धागा या क्षेत्रातही लागू पडतो. भावाविषयीची समजूत रूढीतून घडते आणि ती मोडली की जो संताप येतो तो नुकसानीच्या प्रमाणात नसतो. १९८१ मध्ये टॉम पेटी या अमेरिकन गायकाची नवी ध्वनिमुद्रिका त्याच्या कंपनीने ८ डॉलर ९८ सेंटऐवजी ९ डॉलर ९८ सेंटला विकावयाचे ठरवले. नामवंतांसाठी ही नवी श्रेणी होती. पेटीने ती स्वीकारण्याचे नाकारले, ध्वनिमुद्रिका रोखून धरली आणि अखेर जुनीच किंमत राहिली. वाद एका डॉलरचा होता. श्रोत्याला त्या डॉलरची फार ददात नव्हती. पण नामवंताच्या नावावर एक डॉलर जास्त घेणे म्हणजे त्या नावावर जीव असणाऱ्याकडून एक डॉलर जास्त घेणे होय, एवढे पेटीला दिसले होते.

हा मुद्दा तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडण्याची सोय कांटने करून ठेवली आहे. 'नीतीच्या तत्त्वमीमांसेची आधारभूमी' या १७८५ च्या ग्रंथात तो किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद करतो, हे सर्वपरिचित आहे. ज्याच्या जागी तुल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि ज्याला तुल्य असे काही नाही त्याला प्रतिष्ठा असते. त्या मानाने कमी परिचित आहे ते हे की, कांट किमतीचेही दोन प्रकार मानतो. मानवी गरजांशी निगडित असते ते बाजारमूल्य. गरज नसतानाही जे अभिरुचीला, मनःशक्तींच्या निर्हेतुक क्रीडेला रुचते, त्याचे ते आवडमूल्य. कौशल्य आणि परिश्रम यांना बाजारमूल्य असते, तर विनोदबुद्धी आणि कल्पनाशक्ती यांना आवडमूल्य. मराठीत हा भेद भाषेनेच थोडाबहुत जपला आहे. 'किंमत' हा शब्द दुकानातला आहे, तर 'मोल' दुकानात असतेच, पण दुकानाबाहेरही असते. 'अनमोल' म्हणताना भाव ठरलेला नाही असे अभिप्रेत नसते, तर भाव ठरवण्याची भाषाच तेथे गैरलागू आहे असे अभिप्रेत असते.

पेटीबंद संचाची किंमत कोणत्या प्रकारची? तिच्यातल्या कागदाची, तबकड्यांची, छपाईची बेरीज करून ती ठरलेली नसते हे उघड आहे. ती ठरते एका अनुमानावर: या गायकावर इतका जीव असलेली इतकी माणसे जगात आहेत आणि ती इतके देतील. म्हणजे आवडमूल्याचे मापन करून त्याचे बाजारमूल्य केले जाते. यात बेकायदा काहीच नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००० साली पाच बड्या संगीतकंपन्यांविरुद्ध सीडींच्या किमती कृत्रिमरीत्या चढ्या ठेवल्याच्या प्रकरणात कारवाई केली आणि ग्राहकांना सुमारे ४८ कोटी डॉलरांपर्यंतचा भुर्दंड पडला असावा असा अंदाज व्यक्त केला. तेथे स्पर्धा मारली गेली होती आणि कायद्याला बोट ठेवायला जागा होती. बॉब डिलनच्या अप्रकाशित मुद्रणांना स्पर्धक नाही, कारण दुसरा डिलन नाही. कांटच्या अर्थाने तुल्य नसलेली वस्तू येथे तुल्यतेच्या व्यवहारात उतरवली गेली आहे. चाहत्याचा क्षोभ डॉलरांच्या आकड्यावर उठलेला दिसतो, पण तो खरा असतो या रूपांतरावर. आपण ज्याला स्नेह समजत होतो त्याची कोणीतरी खतावणी ठेवत होते, हे त्याला किंमत वाचताना कळते. कॉस्टेलोच्याच आरंभीच्या ध्वनिमुद्रिका नव्वदीत एका कंपनीने, नव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या आणि २००७ च्या सुमारास तिसऱ्या कंपनीने वाढीव सामग्रीसह पुन्हा काढल्या. ज्याने तिन्ही घेतल्या त्याने तेच गाणे तीनदा विकत घेतले. निष्ठेवरचा हा एक प्रकारचा सारा म्हणावा लागेल.

किमतीइतकाच रोष वेष्टनावर असतो, आणि येथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेचा जो भव्य संच २०११ मध्ये निघाला, त्यात सहा तबकड्यांबरोबर एक गळपट्टा, पेल्याखाली ठेवायच्या चकत्या, जुन्या तिकिटाची प्रतिकृती आणि काचेच्या गोट्या होत्या. या गोट्या चेष्टेचा विषय झाल्या. मध्यम वयाच्या गृहस्थाने गोट्यांचे काय करावे, या प्रश्नाला खरोखरच समाधानकारक उत्तर नाही. मात्र वेष्टन तेवढे बाह्य आणि संगीत तेवढे आंतरिक, अशी सरळ वाटणी करून हा विषय संपत नाही. कलाकृतीची स्वायत्तता मानणाऱ्या आपल्याकडील समीक्षेला ही वाटणी सोयीची वाटेल. मर्ढेकरांच्या लयतत्त्वात गळपट्ट्याला जागा नाही. पण ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास तिला अनुकूल नाही. 'अल्बम' हा शब्दच मुळी वेष्टनाचा आहे. एका बाजूवर चार-पाच मिनिटेच मावणाऱ्या जुन्या तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत एकत्र घातल्या जात, त्या बांधणीचे ते नाव. १९४० च्या सुमारास अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने कोलंबिया कंपनीसाठी त्या बांधणीवर चित्रे काढायला सुरुवात केली. १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आली, बांधणीची गरज संपली, पण नाव राहिले आणि पुढे तेच एका कलाप्रकाराचे नाव झाले. वेष्टनाने आशयाला नाव दिले, एवढेच नव्हे तर घाटही दिला. 'डार्क साइड'चे काळ्या पार्श्वभूमीवरील लोलकाचे चित्र काढून टाकले तर संगीताचा एकही स्वर उणा होणार नाही, परंतु लाखो श्रोत्यांच्या मनातली ती कृती तीच राहील असे म्हणणे धाडसाचे आहे.

कांटने 'निर्णयशक्तीच्या मीमांसे'त (१७९०) चित्राची चौकट, पुतळ्यावरची वस्त्रे, प्रासादाभोवतीचे स्तंभ अशा गोष्टींना 'पॅरेर्गॉन', म्हणजे कृतीच्या लगतचे, असे म्हटले आणि देरिदाने १९७८ च्या 'चित्रातील सत्य' या ग्रंथात हीच जागा पकडून आत आणि बाहेर यांच्यातली सीमा किती अस्थिर आहे ते दाखवले. देरिदाचे विवेचन आता इतके प्रचलित झाले आहे की कांटच्या मूळ परिच्छेदातला एक सूक्ष्म विवेक त्याच्या छायेत झाकला जातो. चौकट आपल्या रूपाने कृतीचा आस्वाद वाढवू शकते, हे कांटला मान्य आहे. मात्र सोनेरी चौकट जेव्हा केवळ आपल्या चकाकीने चित्राची भलामण करण्यासाठी लावलेली असते, तेव्हा ती नुसते लेणे ठरते आणि अस्सल सौंदर्याला बाधा आणते. फरक आत-बाहेरचा नसून चौकट कोणासाठी काम करते हा आहे: पाहणाऱ्यासाठी की विकणाऱ्यासाठी.

या विवेकाने पाहिले तर कॉस्टेलोच्या सल्ल्यातील एक गमतीदार विसंगती उलगडते. त्याने शिफारस केलेला आर्मस्ट्राँगचा संचही काही साध्या कागदात गुंडाळलेला नव्हता. तो जुन्या प्रवासी बॅगेच्या आकाराचा होता, वर देशोदेशींची लेबले चिकटवलेली. म्हणजे कॉस्टेलोचा आक्षेप सजावटीला नव्हता. त्या बॅगेत दहा तबकड्या होत्या, आणि जगभर हिंडलेल्या वादकाच्या संगीताला बॅगेचे रूप शोभतही होते. स्वतःच्या पेटीत मात्र एका मैफलीच्या मुद्रणाभोवती इतके लेणे रचलेले होते की ते मुद्रणच निमित्तमात्र झाले होते. योगायोग असा की त्याच वर्षी ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या १९७२ च्या युरोपातील सर्व २२ मैफलींचा ७३ तबकड्यांचा संच निघाला, तोही बोटीच्या प्रवासात वापरतात तशा ट्रंकेच्या प्रतिकृतीत. किंमत ४५० डॉलर, प्रती ७,२००. त्या थोड्याच दिवसांत संपल्या. त्यानंतर कंपनीने तेच संगीत ट्रंकेविना उपलब्ध करून दिले. या वाद्यवृंदाने आपल्या मैफली श्रोत्यांना ध्वनिमुद्रित करू दिल्या होत्या, १९८४ पासून त्यासाठी वेगळी जागाही राखली होती, आणि त्या फिती श्रोत्यांमध्ये पैशावाचून फिरत होत्या. संगीत अगोदरच हाती असलेल्या माणसाला ट्रंक महाग आहे असे वाटले तरी त्यात आपल्यावर अन्याय झाला असे वाटण्याचे कारण नव्हते. ट्रंक हवी असेल त्याने ट्रंक घ्यावी.

अन्यायाची खरी जागा बांधणीत आहे, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना अशा बांधण्यात की एकीसाठी दुसरी घ्यावीच लागावी. याचे ठळक उदाहरण डिलनच्याच संग्रहांच्या मालिकेत सापडते. १९९१ पासून त्याची अप्रकाशित मुद्रणे क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. या मालिकेचा आठवा भाग, 'टेल टेल साइन्स', २००८ मध्ये दोन रूपांत आला. दोन तबकड्यांची आवृत्ती वीस डॉलरांच्या आसपास होती. तीन तबकड्यांची आवृत्ती सुमारे १३० डॉलरांची होती. तिसऱ्या तबकडीवर बारा मुद्रणे होती आणि सोबत डिलनच्या एकेरी तबकड्यांच्या जगभरातील वेष्टनांचे चित्रमय पुस्तक होते. ती तिसरी तबकडी सुटी मिळत नव्हती. ज्याला केवळ ऐकायचे होते त्याला वेष्टनांच्या चित्रांचे पुस्तक घेणे भाग होते (वेष्टनात वेष्टनांचे पुस्तक ही कल्पना एखाद्या उत्तराधुनिक कादंबरीकाराला सुचली असती तर तिचे कौतुक झाले असते). यावर श्रोत्यांनी जो गदारोळ केला, त्याला 'घेऊ नका' हे उत्तर पुरेसे नाही. ती माणसे गळपट्टा स्वस्त मागत नव्हती. जे ऐकण्याजोगे आहे ते ऐकण्याची वाट गळपट्ट्यातून काढू नका, असे ती म्हणत होती.

समीक्षेच्या दृष्टीने येथे आणखी काही पणाला लागलेले आहे. २०१५ साली याच मालिकेत डिलनच्या १९६५-६६ मधील स्टुडिओतील सर्व मुद्रणे १८ तबकड्यांवर प्रसिद्ध झाली. ५,००० प्रती आणि ६०० डॉलरांना एक सेंट कमी अशी किंमत. सहा आणि दोन तबकड्यांच्या लहान आवृत्त्याही होत्या, हे नोंदवले पाहिजे. या मुद्रणांवरून एका गाण्याची घडण टप्प्याटप्प्याने ऐकता येते. 'लाइक अ रोलिंग स्टोन' हे गाणे जून १९६५ मध्ये दोन दिवसांत वीस वेळा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला आणि आरंभीच्या प्रयत्नांत ते तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या ठेक्यात होते. ठेका बदलल्यावर त्या शब्दांतला तिरस्कार कसा वेगळाच होतो, हे समजून घ्यायचे तर सर्व पाठ समोर असावे लागतात. हे काम पाठचिकित्सेचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे अप्रूप वाटायला नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हस्तलिखिते जमवली ती याच न्यायाने. फरक एवढाच की चिकित्सित आवृत्तीचे खंड कोणाला विकत घेणे परवडो न परवडो, ग्रंथालयात जाऊन तळटीपेतला पाठभेद कोणीही वाचू शकतो आणि संपादकाशी वाद घालू शकतो. प्रती मोजून काढलेल्या पेटीची गत तशी नाही. कृतीच्या घडणीविषयी बोलण्याचा अधिकार ज्ञानाऐवजी ऐपतीने मिळू लागला, तर समीक्षा नावाच्या व्यवहाराचा आधारच डळमळतो. प्रतिवाद करू इच्छिणाऱ्याला पुरावा पाहता येत नसेल तर विधान समीक्षेचे राहत नाही, ते वृत्तांत होते.

इतके मान्य केल्यावर चाहत्याला निर्दोष ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. तक्रार करणारा आणि विकत घेणारा बहुधा एकच असतो. वॉल्टर बेंजामिनने १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाची खोकी सोडताना लिहिलेल्या निबंधात संग्राहकाचे मन उकलून दाखवले आहे: वस्तूचा उपयोग त्याच्यासाठी गौण असतो, मुख्य असते ती त्या वस्तूशी जडलेली मालकीची जवळीक. बेंजामिनच्या संग्राहकात एक उदात्तता आहे, कारण तो वस्तूला उपयुक्ततेच्या जाचातून सोडवतो. पेटीबंद संचाच्या ग्राहकाने मात्र ही मुक्तता विक्रेत्याकडून आयती विकत घेतलेली असते. बेंजामिनच्या संग्राहकाला दुर्मिळता शोधावी लागे. येथे ती कारखान्यात तयार होते आणि तिच्यावर क्रमांक छापलेला असतो. १,५०० पैकी ७१२ वी प्रत आपली असण्यात जो आनंद आहे तो इतर सर्वांकडे ती नसण्यावर उभा आहे. जो हा आनंद घेऊ इच्छितो आणि त्याच वेळी किंमत सर्वांना परवडावी असेही म्हणतो, त्याची मागणी पुरी होताच त्याचा आनंद नाहीसा होईल. त्याच्या तक्रारीचा अर्धा भाग न्यायाचा असतो आणि अर्धा, आपण मागे तर राहणार नाही ना, या धास्तीचा असतो. हे दोन भाग त्याला स्वतःलाही वेगळे करता येत नाहीत.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे: आस्वादक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुरफटतो की समोरच्या कृतीत त्याचे मन विश्रांत होत नाही. त्यात मालकीचे सुखही यावे आणि मालकी न मिळाल्याचे दुःखही. पेटी उघडून तिच्यातील वस्तू मोजणारा आणि पेटी न परवडल्यामुळे चरफडणारा, दोघेही त्या घटकेला ऐकत नसतात. सहृदय आणि ग्राहक एकाच देहात राहू शकतात, पण एकाच क्षणी नव्हे. कॉस्टेलोच्या निवेदनाचे वेगळेपण येथे ध्यानात येते. त्याने आपल्या चाहत्याला स्वस्त कॉस्टेलो देऊ केला नाही. हे सुटे भाग पुढे कमी किमतीत मिळतील असे त्याने सांगितले, आणि २०१२ मध्ये ते मिळालेही. पण आधी त्याने दुसऱ्याचे, अधिक चांगले संगीत ऐकायला सांगितले. म्हणजे चाहता म्हणून नव्हे, श्रोता म्हणून त्याला संबोधले. चाहत्याला आर्मस्ट्राँग हा पर्याय वाटणार नाही. तो श्रोत्यालाच वाटू शकतो.

किंमत, सजावट आणि दुर्मिळता या तिन्ही गोष्टी बाजूला सारल्यावर तक्रारीत काय उरते, हे तपासण्याची एक संधी २०१२ च्या अखेरीस आपोआप निर्माण झाली. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणांवरील हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षे केली, परंतु जे मुद्रण ५० वर्षांत प्रसिद्धच झाले नाही त्याला ही वाढ मिळणार नव्हती. सोनी कंपनीने तेव्हा डिलनच्या पहिल्या वर्षांतील अप्रकाशित मुद्रणांच्या चार तबकड्या युरोपात प्रसिद्ध केल्या. प्रती अवघ्या १०० काढल्या आणि हक्कांची मुदत वाढवणे हा हेतू शीर्षकातच लिहिला. लेणे नव्हते, पुस्तक नव्हते, गोट्या नव्हत्या. किमतीबद्दल बोलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विकण्यासाठी ती वस्तू काढलेलीच नव्हती. सर्वांच्या मालकीचे होऊ नये एवढ्यासाठी ते संगीत प्रकाशित झाले होते. त्या शंभर संचांतील गाणी ज्यांना ऐकता आली नाहीत, त्यांच्या तक्रारीत मग ऐकण्याच्या इच्छेखेरीज दुसरे काहीही उरले नव्हते, आणि 'घेऊ नका' असे त्यांना सांगण्याचीही सोय नव्हती.